अर्जातलं दुसरं वाक्य

चौतीस वर्षं मी लोकांची नावं लिहिली. मतदारयादीत लिहिली, रेशनकार्डांवर लिहिली, दाखल्यांवर लिहिली आणि नोटिशींवरही लिहिली. एकदा कागदावर आलं की नाव माणसाच्या हातात राहत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून इथे मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. माझा मुलगा ज्या देशात राहतो त्या देशाचंसुद्धा नाही. लिहिल्याने कुणाचं काही बिघडणार नाही कदाचित, पण सावध राहायची सवय लागली ती लागली.

मी महसूल खात्यात कारकून होतो. जिल्ह्यातल्या चार-पाच कचेऱ्या फिरलो, शेवटची काही वर्षं वेल्ह्याला काढली. भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर, मग वेल्ह्याची एसटी. खिडकीची काच उघडी असली की लागायची नाही आणि लागलेली असली की उघडायची नाही. आता त्या तालुक्याचं नाव बदललं आहे, कंडक्टर मात्र अजून वेल्हेच ओरडतात. निवृत्त झालो आणि भोरातल्या आमच्या तीन खोल्यांत येऊन बसलो. तेव्हा आम्ही दोघं होतो. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. आता मी एकटा आहे.

मुलगा शिकायला म्हणून परदेशी गेला. कॉलेज त्याने मध्येच सोडलं. का सोडलं ते अजून मला नीट सांगितलेलं नाही. व्हिसाची मुदत संपली, तो परत आला नाही. एका गोदामात सामान चढवा-उतरवायच्या कामाला लागला. तिथेच लग्न केलं. सूनही त्याच्यासारखीच, दुसऱ्या कुठल्या देशातून येऊन राहिलेली. त्यांची मुलगी पाच वर्षांची आहे. ती तिथे जन्मली, त्यामुळे ती त्या देशाची रीतसर नागरिक. तिचे आईबाप तिथे बेकायदा राहतात. हा शब्द लिहिताना माझा हात अडखळत नाही, कारण दुसऱ्यांच्या नावांपुढे तो मी शेकडो वेळा लिहिला आहे. बोलताना मात्र जीभ उचलत नाही.

तिथून निघायचं म्हटलं तर त्याला कुणी अडवणार नाही. उद्या विमानात बसला तर परवा भोरात. पण एकदा बाहेर पडला की पुन्हा वर्षानुवर्षं आत घेणार नाहीत. म्हणजे बापाला भेटायचं तर मुलगी सोडायची आणि मुलीजवळ राहायचं तर बाप सोडायचा. इकडे आड, तिकडे विहीर. आई गेली तेव्हाही तो आला नाही. नीरेच्या घाटावर माझ्या पुतण्याने अग्नी दिला आणि मुलाने ते मोबाईलवर पाहिलं. ज्याने मोबाईल धरला होता त्याचा हात मधूनच दुखायचा, खाली यायचा, आणि मग मुलाला नुसते आमचे पाय दिसायचे. हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

भोरात यातलं कुणालाही माहीत नाही. सकाळी फिरायला गेलो की कट्ट्यावरचे लोक म्हणतात, तुमचं बरं आहे, मुलगा फॉरेनला. शेजारच्या वहिनी रोज आठ-सव्वाआठला आमच्या दारातून देवाला फुलं न्यायला येतात, त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "भाऊजी, कधी येतोय म्हणे लेक?" मी म्हणतो, सुट्टीचं बघतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायको होती तोवर ही मूठ आम्ही दोघं मिळून झाकत होतो. मी बाहेर काय सांगितलं ते ती विचारून घ्यायची, म्हणजे बायकांत तिलाही तेच सांगता यावं. दिवाळी म्हणालात का मे महिना, असं विचारायची. ती गेल्यावर मला कळलं की दुःख सांगायला माणूस लागतं हे तर खरंच, पण खोटं बोलून घरी आल्यावर "आज काय सांगितलंत?" असं विचारणारंही कुणीतरी लागतं.

तर गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास, एका रविवारी सकाळी मुलाचा फोन आला. आमची रविवारची सकाळ म्हणजे त्याची शनिवारची जेवणं झाल्यानंतरची वेळ. आवाज नेहमीपेक्षा घाईचा होता.

"बाबा, एक भाषण पाठवलंय, वाचा. इथला एक मोठा नेता आमच्याबद्दल बोललाय. माफी देणार म्हणतात."

"माफी देणार असं तो म्हणाला?"

"तेच कळत नाही. तुम्ही जन्मभर सरकारी भाषा वाचलीत. मला सांगा, तो नक्की काय म्हणतोय?"

प्रकरण असं होतं. मुलासारख्या, कागदपत्रांविना राहणाऱ्या लोकांनी पुढे यावं, आपलं नाव, पत्ता, कधीपासून राहतो ते सगळं एका अर्जात लिहून नोंद करावी, असं त्या नेत्याने आवाहन केलं होतं. मुलाच्या ओळखीतले काही जण नोंद करून आलेही होते. त्याचा वकील 'करा' म्हणत नव्हता आणि 'करू नका'ही म्हणत नव्हता. पुढच्या रविवारपर्यंत मुलाला ठरवायचं होतं.

मी शब्दकोश काढला. दोन दिवस बसून ते भाषण मराठीत उतरवून काढलं, कचेरीत टिपणी लिहायचो तसं, समास सोडून. वर्षानुवर्षं जे लोक इथे घाम गाळत आहेत त्यांना आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. त्याच वेळी, कायदा मोडणाऱ्यांना बक्षीसही मिळणार नाही. योग्य वेळी योग्य तो निर्णय होईल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात त्याने फक्त मधलं वाक्य म्हटलं, आणि तिथे टाळ्या जास्त पडल्या. एका वार्ताहराने विचारलं, म्हणजे तुम्ही माफी देणार का? तो म्हणाला, मी तो शब्द वापरलेला नाही. मग माफी नाही असं समजायचं का? तर म्हणे, मी तसंही म्हटलेलं नाही.

हे वाचून मला हसू आलं. सात समुद्रांपलीकडचा माणूस, पण मी त्याला चांगला ओळखत होतो.

वेल्ह्याला येण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. कचेरी कुठली ते सोडा. तिथे एक वाडी होती, तीसेक घरांची, सगळी गायरानात, म्हणजे गुरं चरायला राखलेल्या सरकारी जमिनीवर. लोक दोन पिढ्या राहत होते. निवडणूक जवळ आली तेव्हा तिथले पुढारी देवळाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "कायदा कायद्याचं काम करेल, पण माझी माणसं उघड्यावर पडणार नाहीत. ज्यांची घरं आहेत त्यांनी अर्ज करा, सहानुभूतीने विचार करू." वाडीतल्या लोकांनी सहानुभूती ऐकली. बाजूच्या गावातले, ज्यांची गुरं तिथे चरायची, त्यांनी कायदा ऐकला. दोघेही खुशीत घरी गेले.

अर्ज लिहायला देवळाच्या ओवरीत टेबल टाकून मला बसवलं. नमुना वरून आलेला होता, चारच वाक्यांचा. पहिल्या वाक्यात नाव आणि गाव. दुसरं वाक्य असं: मी सदर गायरान जमिनीवर अतिक्रमण करून घर बांधून राहत आहे. तिसरं: तरी सदर अतिक्रमण नियमानुकूल करावे, ही विनंती. चौथ्यात कळावे. मी प्रत्येकाचा अर्ज लिहायचो, भरभर वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, करा अंगठा. सगळ्यांचे कान तिसऱ्या वाक्याला लागलेले. दुसरं वाक्य म्हणजे स्वतःच्या हाताने दिलेली कबुली आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. एक बाई तर अंगठा देऊन माझ्या टेबलाला नमस्कार करून गेली.

निवडणूक झाली. पुढे गायरान मोकळं करायचा हुकूम आला. मोजणी करायला वेळ नव्हता, तेव्हा साहेब म्हणाले, अर्ज आहेत ना, तीच यादी. मग मीच नोटिसा लिहिल्या. आपण आपल्या अर्जात अतिक्रमण मान्य केले आहे, सबब. घरं पाडायचं मशीन आलं ते यादी घेऊनच आलं. पुढारी म्हणाले, अर्ज तुम्हीच दिलेत, आता मी काय करणार? तीन घरं तेवढी वाचली. एका घरातली माणसं अर्ज लिहिले त्या दिवशी लग्नाला गेली होती, दुसरं कुलूप लावून पुण्याला होतं आणि तिसऱ्या घरातला म्हातारा कुठल्याच सरकारी कागदाला हात लावायचा नाही. ती तिन्ही घरं आजही उभी आहेत.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला मंगळवारीच मिळालं होतं. नोंद करू नकोस. चार शब्दांचा निरोपही लागत नाही, तीन पुरतात. तरी मी फोन केला नाही.

का केला नाही ते सांगतो. मंगळवारी संध्याकाळी कुकर लावत होतो. एका माणसाचा वरण-भात म्हणजे डबे अर्धेसुद्धा भरत नाहीत. तेव्हा मनात आलं, त्याने नोंद केली, आणि उद्या त्याच यादीवरून त्याला धरलं, तर ते त्याला कुठे पाठवतील? घरीच पाठवतील. भोरला. माझ्याकडे. त्याने मुलीला सोडून मला निवडलं असं होणार नाही, मी त्याला बोलावलं असंही होणार नाही, आणि दोष सगळा त्या नेत्याला. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कळलं नाही. भाताचा पार लगदा झाला, तो तसाच खाल्ला. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती, आणि तरीही तो विचार मला गोड लागत होता.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी मी एसटीत बसलो. वेल्ह्यात उतरून राजगडाच्या पायथ्याच्या पालीचा टेम्पो धरला. टेबलाला नमस्कार करून गेलेली ती बाई पालीत राहते हे मला माहीत होतं. ते तिचं माहेर. घर गेल्यावर ती नवऱ्याला घेऊन इथे आली, नवरा पुढे वारला, आणि आता ती पत्र्याच्या शेडात राजगडावर जाणाऱ्या पोरापोरींना पिठलं-भाकरी करून घालते. वेल्ह्याला नोकरीत असताना ती बाजारात दिसली की मी रस्ता बदलायचो.

गडावर जाणारे सकाळीच वर गेले होते. शेडात ती एकटीच होती. तिने मला लगेच ओळखलं.

"या भाऊसाहेब. लई दिसांनी. भाकर टाकू का?"

मी म्हणालो, टाका. मग चुलीसमोर बसून एका ओळखीच्या माणसाच्या मुलाची गोष्ट तिला सांगितली. मुलगा, त्याची मुलगी, तो नेता, तो अर्ज, सगळं. ती भाकरी थापत होती. माझं सांगून झाल्यावर तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि विचारलं, "त्या पोराचा बा कोन?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुमीच व्हय?"

"हो," मी म्हणालो. बायको गेल्यानंतर हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोललो होतो.

"म्हंजी तुमचंबी घर गायरानातच म्हनायचं," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात खुन्नस असती तर मला बरं वाटलं असतं. ती नव्हती.

"तुम्ही तेव्हा अर्ज केला नसता, तर घर राहिलं असतं तुमचं."

"व्हय की, ऱ्हायलं असतं. पन ते तिघं अजून गाडी वाजली की दाराआड हुत्यात. म्या हितं कुनाला भीत न्हाई."

"म्हणजे अर्ज केलेला बरा?"

"म्या कुटं तसं म्हनलं?" तिने भाकरी उलटली. "माजं घर माज्या सासऱ्यानं बांदलं व्हतं. आजून सपनात त्याच घरात असती म्या."

तिने भाकरी निखाऱ्यावर टेकवली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक ईचारू का भाऊसाहेब? त्या अर्जात काय लिवलंय, ते तुमाला तवा ठावं व्हतं का?"

"मीच लिहिला होता. तुम्हाला वाचूनही दाखवला होता."

"वाचला ओ तुमी. सांगितला न्हाई."

कचेरीची उत्तरं पुष्कळ होती, नमुना वरून आला होता, मला अधिकार नव्हता, मी हुकमाचा ताबेदार. ती सगळी जिभेवर येऊन गेली. शेवटी म्हणालो, "संशय होता मला. वर काय ठरतंय ते बघू, असं वाटलं."

"मंग तवाच सांगायचं व्हतं की," ती म्हणाली. रागाने नाही, पोराला चूक दाखवावी तसं. "आता त्या लेकराला तरी सांगा."

तिने भाकरी, पिठलं आणि फोडलेला कांदा माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. कितीतरी महिन्यांनी मी कुणाच्या तरी समोर बसून जेवलो. जेवताना ती पावसाचं बोलली, गडावर येणाऱ्या पोरांच्या महागड्या बुटांचं बोलली. आमच्या त्या विषयाला पुन्हा हात लावला नाही. टेम्पो आला तेव्हा मी तिला नमस्कार केला. तिने तो घेतला की नाही ते मला धुरात दिसलं नाही.

रविवारी सकाळी आठला फोन वाजला.

"बाबा, ठरवायचंय. काय करू?"

मी तयारीत होतो. तीन शब्द तर होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "हे बघ, दोन्ही बाजूंनी विचार केला पाहिजे. इथे बसून मी एकदम काही सांगणं बरोबर नाही. वकिलाशी बोल, परिस्थिती बघ आणि तुला योग्य वाटेल तो निर्णय घे."

मग तो म्हणाला, "बाबा, असंच तर तोही बोलतोय."

कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी खुर्चीवर बसलो. मग बोललो ते एका दमात बोललो, नाहीतर पुन्हा जीभ वळली असती.

"नोंद करू नकोस. तो तुला काहीही देणार नाही. तुझी कबुली तुझ्याच हाताने लिहून घेईल, आणि ज्या दिवशी त्याला गरज पडेल त्या दिवशी ती यादी बाहेर काढेल. असे अर्ज मी स्वतः लिहून घेतले आहेत. मंगळवारपासून मला हे माहीत होतं. तरी फोन केला नाही, कारण मला वाटत होतं, तू नोंद करावीस, त्यांनी तुला धरावं आणि इकडे पाठवून द्यावं."

एवढं बोलून मी थांबलो. तो रागावेल असं वाटलं होतं. रागावायलाच हवं होतं.

"मलाही वाटलं होतं तसं," तो म्हणाला. "म्हणजे मला ठरवावं लागलं नसतं."

त्याच्या घरात घड्याळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याची टिकटिक ऐकू येत होती.

"मग बाबा, आपली भेट?"

हा प्रश्न तो दर दिवाळीला विचारतो. दर वेळी मी म्हणतो, बघू, पुढच्या वर्षी काहीतरी होईल. तो म्हणतो, हो, होईल. असं आमचं छान चाललेलं असतं. या वेळी मी म्हणालो, "नाही. माझ्या हयातीत नाही." 'बहुतेक' हा शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला.

तो रडला की नाही ते मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "फोन ठेवू नका." मी ठेवला नाही. स्पीकर लावून मोबाईल ओट्यावर ठेवला आणि एका कपाचं आधण टाकलं. तो म्हणाला, "चहा का?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "आई आलं किसून घालायची." मी म्हणालो, "मी ठेचून घालतो, किसताना बोटं सोलतात."

तेवढ्यात फुलांची परडी घेऊन शेजारच्या वहिनी दारात आल्या. आतला आवाज त्यांनी ऐकला होता.

"लेकाचा फोन वाटतं भाऊजी? मग, कधी येतोय म्हणे?"

मी ओट्याकडे पाहिलं. मोबाईलचा दिवा लागलेला होता. तो ऐकत होता.

"येणार नाही वहिनी," मी म्हणालो. "त्याला येता येत नाही."